तिथ बघून निघालेले काका

काकांना पाण्याबद्दल काहीही विचारलं की त्यांचा उजवा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरसर फिरायला लागायचा. डोळे अर्धे मिटायचे. "आज कंची तिथ? षष्ठी. मंग पानी उतरतंच हाय." खाडीची भरती-ओहोटी त्यांना अशी बोटांवर कळायची, हे ठीक. पण करंजाडेतल्या आमच्या सोसायटीच्या नळाला पाणी कमी आलं तरी ते तिथीच बघायचे.

"काका, टँकर आला नाही म्हणून पाणी नाही," मी सांगायचो.

"टँकर का नाय आला? दशमी हाय. भांगाचं पानी." भांग म्हणजे ज्या दिवसांत भरतीला जोर नसतो ते दिवस. एवढं बोलून ते दार लावून घ्यायचे.

तुमच्याही इमारतीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्याशी वाद घालण्यात काही अर्थ नसतो आणि घातल्याशिवाय राहवतही नाही. आमची दारं समोरासमोर होती. काका खाडीकाठच्या गावात वाढलेले. पोरवयात जाळी टाकली, मग तळोज्याच्या एका कारखान्यात पाळीच्या भोंग्यावर सगळं आयुष्य काढून निवृत्त झाले. काकू बाजारात मासळी विकायच्या. त्यांचं हळू बोलणं तिसऱ्या मजल्यावरून वॉचमनला ऐकू जायचं. एकुलती एक मुलगी लग्न होऊन दुबईला गेलेली. त्यामुळे दोघांचं भांडण सोडवायला आणि मोबाईल चालू करून द्यायला मीच हाताशी होतो.

मोबाईलवरच काकूंनी ती नदी पाहिली. हिमाचलातली, बर्फाच्या पाण्याची. "जल्मभर चिखलाचंच पानी बगितलं," त्या म्हणाल्या. "एकदा तरी तलाचा गोटा दिसंल असं पानी बगायचं हाय."

काका त्यांच्याशी उभ्या जन्मात एका गोष्टीवर सहमत झाले नव्हते. ह्या गोष्टीवर झाले. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर आणली, नावड्याच्या गॅरेजात तिच्या सीटा काढून पलंग बसवला, मागे शेगडी, वर पाण्याची टाकी. शेगडी कुठे ठेवायची यावरून गॅरेजवाल्याने काकूंपुढे हात टेकले. गाडी सोसायटीत आली तेव्हा काकांनी हँडब्रेक ओढला, चाकाखाली दगड लावले आणि वर जाडजूड दोराने ती अशोकाच्या झाडाला बांधली.

"काका, होडी नाही ती!"

"बांदल्याबिगर मला झोप लागत नाय. तुला काय टेन्शन?"

सेक्रेटरीने नोटीस लावली. काकांनी नोटिशीखालीच दोर बांधला.

निघताना होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, फोडतात तसा त्यांनी बोनेटवर नारळ फोडला. काकू पुढच्या सीटवर नवी साडी नेसून बसल्या होत्या, मांडीवर सुक्या बोंबलांचा डबा. सगळी सोसायटी हसत होती. मला त्यांचा फार हेवा वाटला, हे सांगायला हवं.

रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल यायचा. एका दिवशी मात्र दुपारीच आला. नदी गाठली होती. काकू गुडघाभर पाण्याच्या कडेला वाळूत बसून पातेलं घासत होत्या. "बग रे, बग! गोटा दिसतो का तलाचा?" फोन पाण्यावर धरून त्या ओरडत होत्या. मागे पात्रातच, गोट्यांच्या सपाटीवर गाडी उभी. जवळच्या देवदाराला दोर बांधलेला.

"काका, गाडी वर घ्या. पाणी वाढलं तर?"

फोन काकांच्या हातात गेला. अंगठा पेरांवरून फिरला. "आज अष्टमी. पानी चडनार कसं? भांग हाय रे. निवांत बस तू."

पुढचं मला नंतर कळलं. वरच्या अंगाला धरण होतं. तिथे वीज करायची झाली की पाणी सोडतात, आणि त्याआधी भोंगा वाजवतात. काका गाडीत चहा टाकत होते. भोंगा त्यांनी ऐकला. सवयीने घड्याळाकडे पाहिलं आणि त्यांच्या मनात आलं, तीनची पाळी सुटली. मग चहात साखर घातली. बाहेर बघितलं तेव्हा काकू बसल्या होत्या ती वाळूच नव्हती.

काकांजवळ राहिलेल्या फोनमध्ये शेवटचा नंबर माझा होता, म्हणून पोलिसांचा फोन मला आला. मुलीला यायला वेळ लागणार होता. मी निघालो.

गाडी दोराला धरून तिथेच होती, वाकडी, अर्धी चिखलात. काका काठावरच्या एका खडकावर बसले होते. शोधपथक खालच्या अंगाला गेलं होतं. "चला काका, खोलीवर जाऊ," मी म्हणालो. ते हलले नाहीत. दोन घास भरवायला गेलो तर मान फिरवली. त्यांची नजर सारखी नदी जिकडे वाहत जाते तिकडेच लागलेली.

"आमच्या गावात पान्यात गेलेला मानूस भरतीला परत येतो," ते म्हणाले. "खाडी ठेवून घेत नाय कुनाला. आनून सोडते काठाला. मी नसलो न् ती आली तर?"

ज्या माणसाशी मी रोज वाद घातला, त्याला एवढी एक गोष्ट सांगायचं बळ माझ्यात नव्हतं.

काकू अजूनही सापडलेल्या नाहीत. काका आता दुबईला असतात. समोरच्या दाराला कुलूप आहे. मुलगी फोनवर म्हणते, बाबा बोलतच नाहीत. मी तरी तिला काय सांगणार?

नदीकाठच्या त्या संध्याकाळी एक पोलीस आमच्याजवळ येऊन उभा राहिला. काकांनी माझी बाही ओढली. त्यांना हिंदी नीट यायची नाही. "इचार त्याला, हितं पानी माघारी फिरतं कवा? त्याला ठावं असंल, हितलाच हाय."

मी विचारलं. कसं विचारलं, देव जाणे. पोलिसाने एकदा काकांकडे पाहिलं, मग टोपी काढून हातात घेतली. "पहाड़ की नदी है, साहब," तो हलक्या आवाजात म्हणाला. "ये लौटती नहीं।"

"काय म्हनला?"

"थोडा वेळ लागेल, म्हणाला."

काकांनी मान हलवली. मग ते जरासे सरकले आणि खडकावर माझ्यासाठी जागा केली.