माईकची पुढची बाजू

दोन वर्षं मी भेटेल त्याला सांगत आलो, की चाळीस वर्षांच्या मित्रानं मला दगा दिला. त्याचं नाव इथे लिहीत नाही, माझंही नको. आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात दोघांनाही सगळे ओळखतात, आणि त्या सगळ्यांनी तेव्हा माझी बाजू घेतली होती. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आम्ही एकाच कचेरीत कारकून होतो. तो गोराईचा कोळी. घरची होडी भावानं सांभाळली आणि हा शिकून टेबलाशी येऊन बसला. तो गायचा, मी गिटार वाजवायचो. कचेरीचे समारंभ, ओळखीपाळखीच्या हळदी, कुणाचा निरोप, सगळीकडे आम्ही. गाण्यांचे शब्द त्याचे, चाली दोघांनी बसून केलेल्या. कार्यक्रम संपला की लोक त्याच्याभोवती जमायचे. माझी ओळख 'यांच्याबरोबर वाजवतात ते' अशी करून दिली जायची. मी हसायचो.

निवृत्तीनंतर ठरलं की आपली गाणी घरीच रेकॉर्ड करायची, नातवंडांसाठी. दोघांच्या पेन्शनला झेपेल असा एक माईक घ्यायला अंधेरीच्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं दोन माईक समोर ठेवले. एक स्टेजवर हातात धरतात तसला. तोंडाजवळ धरून गायलं की आवाज भरून येतो, आजूबाजूचा गोंगाट फारसा घेत नाही, पण गिटार त्यात पातळ ऐकू येते. दुसरा टेबलावर उभा राहणारा. तो थेट लॅपटॉपला जोडायचा. तारेवर बोट सरकलेलंसुद्धा तो टिपतो, पण मग पंखा, शेजारी, रिक्षा, सगळंच टिपतो.

मित्रानं पहिल्या माईकमध्ये एक ओळ गाऊन पाहिली. दुकानातली दोन माणसं वळून बघायला लागली.

"हाच घेऊ ना रे," तो म्हणाला.

"आणि माझी गिटार काय खुंटीला टांगू?"

तो हसला. "बरं बाबा. लग्न तुझ्या गिटारीचं, तिच्या पसंतीचा घे."

दुसरा घेतला.

बोरिवलीच्या माझ्या घरी, बाहेरच्या खोलीत पंखा बंद करून, दाराला गोधडी लावून आम्ही बसलो. टीपॉय मध्ये, त्यावर माईक, अलीकडे मी, पलीकडे तो. माणसं दोन आणि माईक एक, तर तो मधोमध ठेवायचा, यात विचार करण्यासारखं काही आहे असं आम्हाला वाटलंच नाही. ऐकून पाहिलं तर गिटार अगदी कानाशी वाजत होती आणि त्याचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा, दबलेला.

तो पुढे सरकला. जोर लावून गायला. जोर लावला की वरचा सूर फाटायचा, आणि तो फाटलेला सूर मात्र रेकॉर्डिंगमध्ये कळायचा. तीन-चार बैठका अशाच गेल्या.

माझी बायको एकदा स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, त्यांचा आवाज मला इथे ओट्यापाशी खणखणीत ऐकू येतो. तुमच्या यंत्रालाच कसा येत नाही?"

मी म्हणालो, "तुला त्यातलं काय कळतं?"

आठवड्याभरानं मी एकटाच वाजवत बसलो होतो. आधी धूळ पुसताना माईक फिरला होता, तो तसाच राहिला, आणि हेडफोनमध्ये माझी गिटार एकदम लांब गेली. परत फिरवला, तर जवळ आली. मग डब्यातली पुस्तिका काढली. त्यात चित्रच होतं. हा माईक एका बाजूनं ऐकतो, जिकडे छोटा हिरवा दिवा आहे तिकडून. मागच्या बाजूनं बोललेलं त्याला नीट ऐकू येत नाही. दिवा पहिल्या दिवसापासून माझ्याकडे होता. मित्र इतके दिवस माईकच्या पाठीत गात होता.

पहिल्या दिवशी ती चूक होती. त्या दिवसानंतर ती चूक राहिली नाही. पुढच्या खेपेला तो येण्याआधी मी दिवा पाहिला आणि माईक होता तसाच राहू दिला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझी बोटं स्वच्छ ऐकू येत होती. एवढंच कारण आहे, याहून मोठं काही सांगता येत नाही.

त्या दिवशी हेडफोन काढून तो म्हणाला, "आवाज गेला रे माझा."

"वय झालं, यार," मी म्हणालो. "आपण काय आता पंचविशीतले आहोत?"

महिन्याभरानं मंडळाच्या ग्रुपवर त्याचं एक गाणं आलं. मुलुंडला त्याची भाची गाणं शिकवते, तिच्याकडच्या हातातल्या माईकवर त्यानं ते रेकॉर्ड केलं होतं. आवाज तिशीतला वाटावा असा. मागे नुसता तानपुरा. गिटार नाही, मला एक फोन नाही. चाल आमची दोघांची, आणि हा माझ्याशिवाय गायला. इतक्या वर्षांची सोबत यानं एका दुपारी मोडली, असं मला मनापासून वाटलं. मी जे केलं होतं ते त्या क्षणी आठवलंसुद्धा नाही.

मंडळाच्या वर्धापनदिनाला त्याच्या गाण्याचा तासाभराचा कार्यक्रम ठरत होता. मी समितीच्या लोकांना माझ्या घरचं रेकॉर्डिंग ऐकवलं. "हा खरा आवाज. तिकडचा मशीनवर घासूनपुसून काढलाय. भर सभेत त्याचं हसं होईल." लोकांना माझी काळजी पटली. त्याला गोड बोलून गाळलं. तो तास मला दिला. मी घेतला आणि वाजवला.

नंतर एका सकाळी तो घरी आला. आमच्या बैठकीचा एक फोटो मी पूर्वी ग्रुपवर टाकला होता. त्यातला हिरवा दिवा भाचीच्या नजरेला पडला होता.

"लॅपटॉप लाव," तो म्हणाला. माईक त्यानं स्वतःकडे फिरवला, दोन ओळी गायला, हेडफोन लावून ऐकल्या. बायको ओटा सोडून दारात येऊन उभी राहिली.

"तुला माहीत होतं?" त्यानं विचारलं.

"नाही रे. शपथ."

त्याला ते पटलं. वर तो म्हणाला, "मग मीच चुकलो. तुला न सांगता तिकडे जायला नको होतं. वाईट वाटलं असेल तुला." पुढच्या बैठकीत मंडळातही तो हेच बोलला, सगळ्यांसमोर, हात जोडून. मी मान हलवली आणि त्याला माफ केलं.

इथपर्यंतचे कागद घेऊन मी परवा गोराईला गेलो. ओसरीवर बसून त्यानं चष्मा लावला आणि सगळं वाचलं, मध्ये एकदाही वर न बघता.

"आवाज गेला म्हणून मी बायकोजवळ रडलो होतो," तो म्हणाला. "हे तुला माहीत नसेल."

मला माहीत नव्हतं.

"मंडळात वाचून दाखव. सगळं. मी हात जोडले तेपण. गाळू नकोस."

"दाखवतो," मी म्हणालो. "आणि आपली गाणी?"

"गातो ना. रोज गातो." त्यानं कागद नीट जुळवून माझ्या हातात दिले. "तू येऊ नकोस."