परसों

रविवारी हैदराबादच्या कोठी बाजारातून मिक्सर दुरुस्त करून घेऊन आलो, तर मित्र आमच्या टीव्हीसमोर बसलेला. केबल तेव्हा नवीन होती, त्याच्याकडे नव्हती, म्हणून दर रविवारी तो मॅच बघायला यायचा. बायकोनं चहा देताना विचारलं, "अम्मी कैसे हैं, भाई?"

"अम्मी परसों गुजर गए ना, भाभी."

मी घाईघाईनं टीव्ही बंद केला. परवा आई गेली आणि हा इथं मॅच बघतोय? मला काही कळेना.

"चल, घरी सोडतो तुला," मी म्हणालो.

"कायकू? अरे मियाँ, परसों बोले तो पिछले साल!"

हैदराबादेत परसों म्हणजे मागचा कुठलाही दिवस, हे मला लहानपणापासून ठाऊक. पण वर्षभर आपल्याला पत्ताच नसेल, हे मनात आलं नाही.

"मला सांगितलं नाहीस?"

"बोला ना मैं. यहींच बैठ के. तुम हौ बोले."

तो 'हौ', म्हणजे माझा 'हो', मला आजही आठवत नाही. वर्षभरानंतर आता त्याचं सांत्वन करावं तरी कसं?

"टीव्ही लगाओ मियाँ, ओव्हर जा रा," तो म्हणाला.

मी लावला.