पश्चिमेची भिंत

ही गोष्ट सांगायची मी पंधरा वर्षं टाळली. देवळाच्या डागडुजीचा विषय निघाला की मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठायचो.

आमचं देऊळ म्हणजे नाशिकमधलं जुनं दगडी चर्च. आम्ही ख्रिस्ती माणसं त्याला देऊळच म्हणतो. रविवारी उपासना होई. एरवी पश्चिमेच्या बाजूला बायकांचा शिवणवर्ग चाले, दहावीची मुलं अभ्यासाला बसत. त्यांतली निम्म्याहून अधिक आमच्या मंडळीतली नव्हती. एवढी मोठी, थंडगार जागा आसपास दुसरी कुठे होती?

भिंती सांभाळायचे जुन्या नाशकातले एक वयस्कर गवंडी. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांच्या वडिलांनीही याच भिंतींचे सांधे भरले होते. मी तेव्हा देवळाचा कारभार पाहणाऱ्या पंचांचा सचिव होतो, सातपूरच्या कारखान्यातून नुकताच निवृत्त झालेला फोरमन. पश्चिमेच्या भिंतीचा गिलावा मला नाताळच्या आत हवा होता. चाचांनी चुना टाकीत मुरत घातला आणि महिनाभर थांबा म्हणाले.

"सिमेंट लावा," मी म्हणालो.

"नको साहेब. जुन्या दगडाला श्वास लागतो. सिमेंट म्हणजे त्याच्या नाकावर हात."

"चाचा, पस्तीस वर्षं कारखान्यात माणसं हाताळलीत मी."

"माणसं ऐकतात हो. चुना थोडाच तुमचं ऐकणार?" ते हसले.

"लावा तुम्ही. काही झालं तर जबाबदारी माझी."

या एका वाक्यावर त्यांनी सिमेंट लावलं.

दुसऱ्या पावसाळ्यात ओल भिंतीत कोंडली. गिलाव्याच्या ढलप्या निघाल्या आणि त्यांच्याबरोबर दगडाचे पापुद्रेही. ती बाजू बंद करावी लागली. शिवणवर्ग मोडला, मुलं पांगली. आमच्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, सभा घेतली, चाचांनाही बोलावलं. ते दाराशीच उभे राहिले.

"सिमेंट लावायचं कोणी ठरवलं?" पाळकांनी विचारलं.

"गवंड्यांनी," मी म्हणालो.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मग पाळकांना म्हणाले, "साहेब म्हणतात तसंच असेल."

सभेच्या वहीत ते माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. ते खोटं आहे. त्यानंतर देवळाने त्यांना पुन्हा कामाला बोलावलं नाही.

सभा सुटल्यावर मी त्यांना आवारात गाठलं होतं. "तिथं बोलला का नाहीत?"

"तुमच्याच देवळात उभं राहून तुम्हाला खोटं पाडू?"

मला क्षमा मागायची होती. तोंडातून निघालं, "यंदा पाऊसही जरा जास्तच झाला."

गेल्या वर्षी बाहेरून जाणकार आले. त्यांनी सिमेंट खरवडून काढलं, चुना लावला, आणि ती बाजू पुन्हा उघडली. मी हे सांगायला चाचांच्या घरी गेलो. ते खाटेवर पडून होते. ऐकून त्यांचा चेहरा खुलला.

"चुना लावला? मग तुम्हीच सांगितलं असणार त्यांना!"

आणि मी मान डोलावली. ज्याला एकदा फसवलं होतं, त्याला पुन्हा फसवलं.

महिन्याभरात ते गेले. खाटेपाशी मला म्हणायचं होतं ते एवढंच: चाचा, सिमेंट मी लावायला लावलं. सभेत तुमच्यावर ढकललं ते माझी लाज वाचवायला. मला माफ करा.