लेकीचं विद्यापीठ

प्रवेश परीक्षेचा निकाल लागला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. लेक मोबाईल घेऊन धावत आली आणि तो तिनं माझ्या तोंडासमोर धरला. तिचं नाव यादीत होतं. देशभरातून मोजकीच मुलं घेणाऱ्या त्या विद्यापीठात, गणिताच्या पदवीसाठी, आमच्या देवळाली प्रवऱ्याची पोर निवडली गेली होती. तिचे पप्पा गोठ्यातून हातही न धुता आले. जाऊबाईंनी पेढ्यांसाठी फोन लावला. मी हसले, तिला जवळ घेतलं आणि दृष्ट काढायला मीठ-मोहरी आणते म्हणून आत गेले. मोहरीचा डबा हातात तसाच राहिला. रडू येत होतं आणि ते आनंदाचं नव्हतं. मला माझ्या मुलीचा हेवा वाटत होता.

आईनं असं म्हणू नये, हे मला कळतं. पण जे झालं ते असंच झालं.

माझं माहेर राहुरीचं. रोज सकाळची एस.टी. पकडून मी नगरच्या कॉलेजात जायचे आणि गणित घेऊन बी.एस्सी. झाले. शेवटच्या वर्षी आमचे सर म्हणाले, "इथं थांबू नकोस. पुण्याला जा, एम.एस्सी. कर." मी पुण्याच्या एका कॉलेजात अर्ज केला. यादीत नाव आलं. त्याच आठवड्यात देवळालीचं स्थळ आलं. वडिलांनी मला विचारलं होतं, अगदी समोर बसवून विचारलं होतं, "तुजं काय म्हननं हाय?" मी खाली बघत म्हणाले, "तुम्ही ठरवाल तसं." मला कुणी कोंडलं नाही, मारलं नाही. कोंडलं असतं तर निदान कुणावर तरी चिडता आलं असतं.

लग्नानंतर मी घरीच नववी-दहावीच्या शिकवण्या सुरू केल्या. गावात मला गणिताच्या मॅडम म्हणतात. लेकीलाही दहावीपर्यंत मीच शिकवलं आणि तोवर सगळं ठीक होतं.

ती अकरावीत असताना मी एका गणिताशी दोन दिवस झटत होते. एक ते शंभरमधल्या कुठल्याही एक्कावन्न संख्या घ्या, त्यातली एखादी दुसऱ्या एखादीला पूर्ण भागतेच, हे सिद्ध करायचं होतं. कणीक मळताना, कपडे वाळत घालताना डोक्यात तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी ही पोहे खाता खाता माझ्या वहीत डोकावली.

"आई, प्रत्येक संख्येला दोननं भागत जा ना. भाग जायचा थांबला की विषम संख्या उरते."

"मग?"

"मग काय? शंभरपर्यंत विषम संख्या पन्नासच आहेत. तुझ्याकडे एक्कावन्न संख्या. म्हणजे कुठल्या तरी दोन संख्यांची उरलेली विषम संख्या एकच निघणार. त्यातली लहान मोठीला भागणारच."

तिनं चमचा चाटला. मी म्हणाले, "शाबास." मग म्हणाले, "बशी घासायला टाक, तिथंच ठेवू नकोस." त्या दिवसभर मी तिच्याशी तिरसटासारखी वागले. मीठ किती घेतेस, केस नीट बांध, मोबाईल ठेव. ती गोंधळून बघत होती.

निकालानंतर निवड करायची होती. एकीकडे ते दूरचं विद्यापीठ, दुसऱ्या राज्यातलं, रेल्वेनं पोचायला दीड दिवस. दुसरीकडे पुण्याचं कॉलेज, तेच, ज्याच्या यादीत एकदा माझं नाव होतं. तिथंही तिला प्रवेश मिळत होता. तिच्या पप्पांनी पहिल्याच दिवशी हात वर केले. "मला त्यातलं काय कळत न्हाई. तू शिकल्याली हाय. तू म्हनशील तसं."

सगळं माझ्या हातात आलं.

दूरच्या विद्यापीठात शिष्यवृत्ती मिळणार होती, त्यामुळे खर्चाचं कारण पुढे करता येईना. मग मी बाकीची कारणं काढली. तिकडचं जेवण तुला सोसणार नाही. तिकडची भाषा येत नाही. आजारी पडलीस तर कोण येईल? तिथं सगळी मोठ्या शहरांतली मुलं असतील. ती म्हणायची, "बघू." मी रोज एक नवं कारण आणायचे आणि ते काळजीच्या आवाजात सांगायचे. माझं मलाही ते खरं वाटू लागलं होतं.

पुण्याच्या कॉलेजात नव्या मुलांना विभाग दाखवायचा कार्यक्रम होता. मी लेकीला घेऊन गेले. जिना चढताना मी पायऱ्या मोजत होते. इथं मी येणार होते. वर गणित विभागाच्या प्रमुख बाई बसल्या होत्या. माझ्याच वयाच्या, सुती साडी, बोटांना खडू. आम्ही नगर जिल्ह्यातल्या म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"अहो, मी काष्टीची! आमचा शनिवारचा बाजार माहितीये का?"

त्या लेकीशी बोलायला लागल्या. पाच मिनिटांत दोघी फळ्यापाशी. मी खुर्चीत डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसले. त्या काय बोलत होत्या त्यातलं अर्धं मला कळत होतं आणि अर्धं नाही, आणि कुठलं अर्धं जास्त टोचत होतं ते सांगता येणार नाही. नंतर एका विद्यार्थिनीनं लेकीला ग्रंथालय दाखवायला नेलं. बाई माझ्याजवळ येऊन बसल्या. बोलता बोलता निघालं की मी अर्ज केला त्याच वर्षी त्या इथं एम.एस्सी.ला आल्या होत्या.

"म्हणजे तुम्ही आला असतात तर आपण एका वर्गात असतो की!" त्या मनापासून हसल्या.

मीही हसले. त्यांच्या बोटांवरचा खडू बघवत नव्हता.

मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "एक सांगू का? आमच्याकडे ती आली तर मला आनंदच होईल. पण तिला तिकडं पाठवा. अशी संधी सगळ्यांना मिळत नाही. माझी मुलगी असती तर मी पाठवली असती."

परतीच्या एस.टी.त लेकीनं विचारलं, "बाई काय म्हणत होत्या?"

"काही नाही. गावाकडचं बोलत होतो." शिरूर मागे पडेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "मला पुणंच बरं वाटतं. बाईपण आपल्याकडच्या आहेत."

तिनं इअरफोन कानात घातले.

मी खोटं का बोलले, ते तेव्हाच मला ठाऊक होतं. ती पुण्याला गेली तर मी जिथं जाऊ शकले असते तिथंच जाणार होती. तेवढं मला सोसलं असतं. त्याच्या पुढे ती गेलेली मला सोसली नसती.

आठवड्याभरात ती थकली. एक दिवस स्वतःच म्हणाली, "ठीक आहे, पुण्याचं करू." मला हवं ते मिळालं होतं. त्या दिवशी मी पुरणपोळी केली, आणि ती तिनं अर्धीच खाल्ली.

दूरच्या विद्यापीठाला होय की नाही ते कळवायचा शेवटचा दिवस होता. घरी नेट नीट चालत नव्हतं आणि कागदही स्कॅन करायचे होते, म्हणून आम्ही दोघी बाजारातल्या नेट कॅफेत गेलो. कॅफेवाल्या दादांनी पान उघडलं. "ताई, ॲडमिशन नको म्हणून टाकायचं ना? एकदा टाकलं की परत घेता येत नाही."

"एक मिनिट," लेक म्हणाली आणि मला बाहेर घेऊन आली. रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर अडकला होता, हॉर्न वाजत होते. ती माझ्या अगदी जवळ आली.

"आई, एकच सांग. जेवण नको, भाषा नको, लांब-जवळ नको. फक्त गणितासाठी कुठलं चांगलं?"

बाकी कशाबद्दलही मी खोटं बोलू शकले असते. महिनाभर बोललेच होते. पण हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. न वडिलांनी, न हिच्या पप्पांनी. माझ्या तोंडून निघून गेलं, "तिकडचं."

"नक्की?"

"नक्की. पुण्याच्या बाईपण तेच म्हणाल्या. मी तुला सांगितलं नाही."

"का?"

"मला तुझा हेवा वाटतो म्हणून."

मला वाटलं होतं, ती रडेल किंवा मला मिठी मारेल. तसलं काहीच झालं नाही. तिचा चेहरा लाल झाला. "मला वाटत होतं, मला तिथं जमणार नाही असं तुला वाटतंय. तू माझी टीचर आहेस आई. तू म्हणतेस म्हणजे मी कच्चीच असणार, असं धरून चालले होते मी." एवढं बोलून ती आत गेली आणि तिनं स्वतःच्या हातानं होकार भरला. कॅफेवाले दादा म्हणाले, "असं होय! मी तर नको टाकणार होतो."

चार दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिचे पप्पा विचारत राहिले, "काय झालंय काय तुमच्यात?" मी सांगितलं नाही. जायच्या आदल्या दिवशी बॅग भरताना ती म्हणाली, "शेंगदाण्याची चटणी जास्त दे." एवढंच.

तिला सोडायला आम्ही दोघंही गेलो. तिच्या पप्पांनी हॉस्टेलची खाट हलवून पाहिली, नळ सोडून पाहिले. मी ग्रंथालयात गेले. गणिताच्या पुस्तकांची कपाटं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत होती. मी एक पुस्तक काढलं, वास घेतला, पहिलं पान वाचलं आणि परत ठेवलं. तेव्हाही हेवा वाटलाच.

पहिल्या सहामाहीत तिला एका पेपरात खूप कमी गुण पडले. फोनवर ती हुंदके देत होती. मी तिला धीर दिला, चांगला दिला. पण त्याआधी क्षणभर मला बरं वाटलं होतं. तेही इथं लिहून ठेवते. पुढच्या परीक्षेत तिनं तो पेपर चांगला काढला आणि मी देवापुढे साखर ठेवली. दोन्ही खरं आहे.

गेल्या दिवाळीला ती आली तेव्हा तिची वही टेबलावर होती. मी उघडली. तिसऱ्या पानापुढे काही कळेना. दुपारी ती उठल्यावर मी वही तिच्यासमोर ठेवली. "हे काय आहे, सांग."

ती केस बांधत बसली आणि सांगू लागली. भराभर, अर्ध्या ओळी गाळत, हे तर उघडच आहे म्हणत. मला राग आला.

"उघड तुला असेल. मला पहिल्यापासून सांग."

तिनं माझ्याकडे पाहिलं, पेन्सिल घेतली आणि कोरं पान काढलं. संध्याकाळी गाई धारेला हंबरायला लागेपर्यंत आम्ही दोघी सहाव्या पानावर पोचलो होतो.