आवाज गेला होता का

लग्न होऊन मी नागपूरहून भिलाईला आले, त्याच्या दुसऱ्या वर्षी आमच्याकडे टीव्ही आला आणि टीव्हीबरोबर समोरच्या क्वार्टरमधल्या ताई येऊ लागल्या. त्या माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. माहेर भंडाऱ्याकडचं, धानशेतीचं. त्यांच्या यजमानांना मी भाऊजी म्हणायचे. ते रोलिंग मिलमध्ये होते आणि त्यांची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची. आमचे हे प्लांटच्या ऑफिसात क्लार्क, त्यामुळे कायम जनरल शिफ्ट. वरच्या मजल्यावर अमरावतीचे एक काका राहायचे, अकाउंट्समध्ये मोठ्या हुद्द्यावर. तरुणपणी त्यांनी कायद्याचं एक वर्ष केलं होतं आणि ते कुणाला विसरू देत नसत.

त्या काळात टीव्हीवर एक खुनाची मालिका लागायची. मंगळवारी, बातम्या संपल्या की. गोष्ट साधी होती. एका लहान गावात शाळेचे हेडमास्तर धरणाजवळ मेलेले सापडतात. संशय तिघांवर असतो: त्यांचा धाकटा भाऊ, धरणाचा ठेकेदार आणि दवाखान्यातला कंपाउंडर. एक उतारवयाचा इन्स्पेक्टर तपास करत राहतो. त्याला घाई नसते. एकेका भागात तो नुसता कुणाच्या तरी ओसरीवर बसून चहा पितो, आणि तरी आम्ही सगळे श्वास धरून बघायचो.

शेवटचा भाग ताईंनी आमच्याकडे पाहिला. भाऊजी सेकंड शिफ्टला होते. इन्स्पेक्टरच्या बदलीचा हुकूम आलेला असतो. तो हेडमास्तरांच्या बायकोकडे जातो, खाटेवर बसतो आणि म्हणतो, मला ठाऊक आहे कुणी केलं, पण कोर्टात सिद्ध करता येत नाही. ती विचारते, कोण? तेवढ्यात आवाज गेला. इन्स्पेक्टरचे ओठ हलताना दिसले. ती बाई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली, मग उठून आत गेली आणि तिने त्याच्यासाठी पाणी आणलं.

आवाज गेल्याबरोबर हे उठले आणि टीव्हीच्या डोक्यावर दोन चापट्या मारल्या. मग बटण पिळलं. मग मला म्हणाले, "तू जरा अँटेना फिरव." मी अंगणात जाऊन बांबू धरला तोवर आतून संगीत ऐकू आलं आणि शेवटची नावं सुरू झाली. हे म्हणाले, "आला आवाज. नेमका आता आला."

दोन मिनिटांत वरचे काका जिना उतरून आले. त्यांच्याकडे रंगीत टीव्ही होता. "तुमच्याकडे ऐकू आलं का? आमच्याकडे ऐन वेळी गेलं." शेजारच्या ब्लॉकमधूनही कुणीतरी हाक मारून तेच विचारलं. भाऊजी शिफ्ट संपवून सायकलवर आले तर सगळे अंगणातच उभे. त्यांनी सायकल उभी करायच्या आधी विचारलं, "कोण निघाला?" काका म्हणाले ठेकेदार, हे म्हणाले भाऊ, मी म्हटलं सांगितलंच नाही. भाऊजी म्हणाले, "मंग तुमी लोकं पाहून काय राहिले होते?"

दुसऱ्या दिवशी मी पावर हाउसच्या बाजारात कापड आणायला गेले होते. दुकानदार कापड मोजता मोजता थांबला आणि म्हणाला, "भाभीजी, कल आपके यहाँ आवाज आई थी क्या?" म्हणजे सगळ्यांकडेच गेला होता. बिघाड नव्हता, शेवटच तसा केला होता. मी घरी येऊन ते सांगितलं, तेव्हा हे काही वेळ टीव्हीकडे बघत बसले. आपण उगाच त्याला मारलं असं त्यांना वाटलं असावं.

रविवारी दुपारी अंगणात खुर्च्या टाकून आम्ही बसलो आणि भांडण रीतसर सुरू झालं. काका फार चिडले होते. "इतके आठवडे बसवून ठेवलं आणि शेवटी नाव नाही. ही शुद्ध फसवणूक आहे. कायद्यात सुद्धा निकाल द्यावाच लागतो, सुटला तरी सुटला म्हणून सांगावं लागतं."

ह्यांचं म्हणणं होतं की नाव सांगायची गरजच नव्हती. भाऊ धरणावर जायला कचरतो हे मधल्या एका भागात दाखवलं होतं, ज्याला कळायचं त्याला कळलं.

भाऊजी सगळ्यात मोठ्याने बोलत होते. "नाव नाही सांगतलं तर पाहून फायदा काय? असा शेवट असते का कुठं?"

"तुम्ही तर तो भाग पाहिलाच नाही," काका म्हणाले.

"पाह्यला नाही म्हणूनच तर जास्त राग येऊन राहिला. मले कोणी बरोबर सांगूनच नाही राहिलं."

मी काकांच्या बाजूची होते. मला नाव हवं होतं. ताई शेंगा सोलत बसल्या होत्या. मी त्यांना विचारलं, "ताई, तुम्हाला आवडला का शेवट?"

"चांगला होता," त्या म्हणाल्या. "त्या बाईले तर समजलं न. आपल्याले नाही समजलं, तिले समजलं."

काका म्हणाले, "अहो, पण प्रेक्षकाचं काय?"

"प्रेक्षकाचं काय मेलं होतं त्याच्यात?" ताई म्हणाल्या. मग शेंगांवरून हात न काढता त्यांनी सांगितलं. त्यांचा मोठा भाऊ गावच्या विहिरीत मेलेला सापडला होता. त्या वेळी ताईंचं लग्न व्हायचं होतं. पोलीस आले, पंचनामा झाला, पाय घसरला म्हणाले. त्याच्या आदल्या दिवशीच त्याचं बांधावरून कुणाशी तरी भांडण झालेलं. वडील ठाण्यात जात राहिले. "आमच्या घरी कोणी येऊन खाटेवर बसलं नाही. पडला तर पडला, ढकलला तर ढकलला, असं कोणी तोंडानं सांगतलं नाही. माय मरेपर्यंत इचारत होती, कोण होता वो."

 काकांनी चष्मा पुसला. थोड्या वेळाने मी चहा केला आणि बोलणं प्लांटच्या कोक ओव्हनच्या धुरावर आणि त्याने काळ्या पडणाऱ्या धुतलेल्या कपड्यांवर गेलं. त्यानंतर ताई समोर असताना कुणी त्या मालिकेचा विषय काढला नाही. काका जिन्यावर ह्यांना गाठून हळू आवाजात वाद घालायचे आणि ताईंचं दार उघडलं की थांबायचे. मीही तेच करत होते. त्यात आम्हाला आपण फार समजूतदार आहोत असं वाटायचं.

महिनाभराने ताई दुपारी माझ्याकडे आल्या. मी कणीक मळत होते. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"तुमी सारे कावून चूप झाले?"

मी म्हटलं, "तुम्हाला त्रास होईल म्हणून."

"मले त्रास नाही होऊन राहिला. घरी बी असंच झालं होतं. त्याचं नाव काढलं का सारे चूप. भाऊ मेला ते एक, अन् त्याच्याबद्दल बोलनं बंद झालं ते दुसरं. मी सांगतलं ते तुमाले चूप कराले नाही सांगतलं."

त्या रविवारी त्यांनी स्वतःच खुर्ची आणून काकांसमोर ठेवली आणि म्हणाल्या, "ठेकेदार नव्हता, काका. कंपाउंडर होता." काका आधी चाचरले. पण ताईंनी एकेक मुद्दा काढला. हेडमास्तर रोज संध्याकाळी औषध घ्यायला जायचे, खुनानंतर कंपाउंडरने दवाखान्याचं मागचं दार लावून घेणं सुरू केलं, आणि इन्स्पेक्टरने त्याच्याकडचा चहा एकदाही प्यायला नव्हता. हे शेवटचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. काका तापले. संध्याकाळपर्यंत ते ठेकेदारावर आणि ताई कंपाउंडरवर ठाम होत्या, आणि दोघांचेही चेहरे खुशीत होते.

 ताई घरात गेल्यावर भाऊजी ह्यांना म्हणाले, "लग्नाले इतके वर्स झाले, मले वाटे का तिच्या भावाचं नाव काढू नाही. तिनं मले कधी सांगतलंच नाही का काढा म्हणून."

दिवाळीत ताई-भाऊजींनी ताईंच्या गावाला जायचं ठरवलं. त्या वेळचे पोलीस पाटील अजून होते, म्हातारे झाले होते, दिसत कमी होतं. ताईंना त्यांना विचारायचं होतं. परत आल्यावर त्यांनी आम्हाला सांगितलं ते एवढंच. पाटलांनी त्यांना ओळखलं, बसवलं. ज्याच्याशी भांडण झालं होतं त्याचं नाव ताईंनी स्वतः घेतलं. पाटील म्हणाले, तो त्या दिवशी बैलजोडी घेऊन बाजाराला गेला होता, मी स्वतः पाहिलं होतं. पोरगा पडलाच असंन बाई, पण विहिरीपाशी मी नव्हतो, त्याच्यामुळं मले सांगता येत नाही.

"म्हणजे काहीच कळलं नाही," आमचे हे म्हणाले.

"तो नव्हता हे समजलं," ताई म्हणाल्या. "इतके वर्स त्या मानसाच्या घरावरून जातानी मी मान फिरवत होती. त्याच्या सुनेसंग बी नाही बोलली कधी." एवढं बोलून त्यांनी गावाहून आणलेले पोहे माझ्या पातेल्यात ओतले.

त्यांना बरं वाटलं की वाईट, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. भाऊजींनी पुढे ताईंच्या आईचं आणि भावाचं मिळून एक श्राद्ध घातलं, आम्हालाही जेवायला बोलावलं. जेवताना ताईंनी भावाच्या गोष्टी सांगितल्या. तो पोहण्यात पक्का होता, आणि तरी पडला असेल का, यावर काका आणि भाऊजी पंगतीतच वाद घालू लागले. ताई वाढता वाढता दोघांना उत्तरं देत होत्या.

नवीन वर्षात मंगळवारी दुसरी मालिका सुरू झाली. पहिल्याच भागात दोन खून झाले. काका म्हणाले, ह्यात दम आहे. ताईंनी दोन-तीन भाग आमच्याकडे बसून पाहिले. मग म्हणाल्या, हा इन्स्पेक्टर लय बोलते, आणि त्या वेळात त्या भाऊजींचा डबा भरून ठेवू लागल्या.