न वाचता एंटर मारू नये

ताई जाऊन आज वर्ष झालं. आणि आज दुपारी तिने मला गाढव म्हटलं.

थांबा, सांगते. घाईघाईत लिहितेय, टायपो सांभाळून घ्या.

माहीत नसलेल्यांसाठी: मंजिरीताई म्हणजे आमच्या ग्रुपची जान. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, कुठलाही मराठी माणूस (आणि त्यांचे पंजाबी यार) ज्याला कॉम्प्युटर उघडून आत बोटं घालायची खोड आहे, तो या ग्रुपवर.

कुणाचं वायफाय पकडत नाही, कुणाचा प्रिंटर रुसलाय. ताई चार ओळींचा कोड टाकायची. चिकटवा, एंटर मारा, काम झालं.

छे! होतंय कसलं.

प्रत्येक कोडमध्ये ताई मुद्दाम एक ओळ घुसवायची. ती शोधून काढून टाकली नाही, तर काम तिथेच थांबायचं आणि स्क्रीनवर यायचा फक्त ताईचा टोमणा.

"दुसऱ्याचा कोड न वाचता चालवता? रस्त्यात कुणीही दिलेलं तोंडात टाकता का रे?"

मला ती भेटली पानिपतला. मराठी मंडळाची बस काला अंबला, लढाईच्या स्मारकाला गेली होती. सगळे स्मारकापुढे हात जोडून उभे, आणि मी झाडाखाली सेकंडहँड लॅपटॉप उघडून बसलेली, कारण त्यावर मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसत होते. (येताना मुरथलला जे पराठे खाल्ले ना... असो. भरकटले.)

ताई शेजारी येऊन बसली. "कुठे शिकतेस?"

"कुठेच नाही. बाबा फौजेत, शाळा बदलत राहिल्या. कॉलेज मीच सोडलं."

"अच्छा, भटकभवानी! दे इकडे. नाही, नको देऊस. तूच कर, मी सांगते."

फॉन्टच्या सेटिंगमधल्या दोन ओळी बदलल्या आणि चौकोनांचं मराठी झालं! मी अशी ओरडले की बसचा ड्रायव्हर धावत आला.

तर, आज.

भाऊजी, म्हणजे ताईचे मिस्टर, गाझियाबादचा फ्लॅट सोडून नाशिकला चाललेत. उद्या ट्रक येणार.

आणि चपलांच्या कपाटावर ताईचा 'डबा'. जुनापुराणा कॉम्प्युटर. ग्रुपवरचे सगळे कोड, सगळ्या युक्त्या त्यात. त्याची कॉपी आमच्यापैकी एकानेही ठेवली नव्हती. ताई आहे ना!

वर्षभर बंद होता. उद्या कबाडीवाल्याकडे, म्हणजे भंगारात जाणार होता.

मी पोचले. ग्रुपमधला आमचा पंजाबी यार सनी गुरुग्रामहून मेट्रो बदलत बदलत आला. बटण दाबलं.

डबा घरघरला. चालू!!

पण आतली डिस्क कट-कट, कट-कट. सनी म्हणाला, "जल्दी कर यार, ये आज ही मरेगी."

भाऊजींनी ड्रॉवरमधून एक डिस्क काढून दिली. "ही घे. रिकामीच असेल."

लावली. आणि डब्यात ताईचीच स्क्रिप्ट सापडली, नाव काय तर 'उचल आणि पळ'! सगळं एका फटक्यात दुसऱ्या डिस्कवर नेणारी. मी खुर्चीतल्या खुर्चीत नाचले.

एंटर!

स्क्रीनवर:

न वाचता एंटर मारलंस ना? वाच आधी, गाढवा.

सनीला मराठी अर्धवटच कळतं, पण हे कळलं. "गधा बोल रही है ना तुझे?" हसत हसत सोफ्यावर लोळला.

भाऊजी स्वयंपाकघरातून आले. चष्मा वर करून स्क्रीनला नाक लावलं.

"मलाही असंच बोलायची. गॅस बुक करतानासुद्धा."

आणि हसले. ताई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

मग मी वाचायला घेतलं. शहाण्या मुलीसारखं, वरून खाली.

टोमण्याच्या लगेच पुढची ओळ: नवी डिस्क आधी पूर्ण पुसायची, मग कॉपी.

मी कीबोर्डवरून हात उचलले.

"भाऊजी, ही नक्की रिकामी आहे?"

"असेल गं."

उघडली. आत ताईच ताई. काला अंबची ट्रिप, बाल्कनीतली मोगऱ्याची कुंडी. आणि एक व्हिडिओ. ताई भाऊजींना इन्व्हर्टर शिकवतेय. "अहो, ते नाही, लाल! ला-ल! तुम्ही ऑफिसात फायली कशा ओळखता हो?"

भाऊजी स्टुलावर बसले.

"मला वाटलं, हे सगळं तिच्या फोनबरोबर गेलं."

मग म्हणाले, "परत लाव."

परत लावला. परत एकदा.

ती एक ओळ मध्ये नसती, तर हे मी माझ्या हाताने पुसलं असतं.

सनीने बॅगेतून स्वतःची गेम्सची डिस्क काढली. "ये साफ कर दे. गेम्स फिर आ जाएँगे."

टोमण्याची ओळ काढली. बाकी सगळं परत वाचलं. सनीकडून वाचून घेतलं. मगच एंटर.

कट-कट, कट-कट...

आलं!! सगळं आलं!!! फॉन्टच्या त्या दोन ओळीसुद्धा!

शेवटची फाइल आली आणि थोड्या वेळाने डबा बंद पडला. पुन्हा चालू झाला नाही. झोपू दे त्याला आता. भाऊजी त्याला नाशिकला नेणार आहेत. कबाडीवाला कॅन्सल.

ग्रुपवाल्यांनो, सगळे कोड आज टाकतेय. तिच्या ओळी तशाच ठेवल्यात. त्या काढून पुढे पाठवायचं नाही. नव्या माणसानेही तिचा टोमणा खाल्लाच पाहिजे, बिल्कुल.

ताई, तुझी भटकभवानी एका जागी बसून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतेय. बघ तरी.

खूप खूप प्रेम आणि नमस्कार तुला.