सी बेन्नासरांनी बदललेला तास

मोरोक्कोतल्या आमच्या ताझा शहरातल्या डायलिसिस केंद्राचा संगणक सी बेन्नासर सांभाळत; सी म्हणजे आमच्याकडचं 'साहेब'. माणूस भित्रा. मूळ सिस्टिम वेळच्या वेळी नवी करत, पण तिच्यावर बाहेरून आणून बसवलेल्या पॅकेजना, म्हणजे जोडप्रोग्रॅमना, हात लावायचा म्हटलं की त्यांना घाम फुटे. एकदा सगळी पॅकेजं एका दमात नवी केली आणि दोन दिवस रुग्णांची यादीच उघडेना. तेव्हापासून ती त्यांनी होती तशी रोखून ठेवली. चालतंय ना, मग खाजवू नका, हे त्यांचं पालुपद. मी नोंदणीच्या खिडकीत बसते, तोंडाची फटकळ. त्यांची टिंगल केल्याशिवाय मला चहा गोड लागायचा नाही.

२०१८चा ऑक्टोबर. रविवारी घड्याळं तासाने मागे जायची होती. शुक्रवारी सरकारने सांगितलं, नाही जायची, आहे तीच वेळ कायम. आमच्या संगणकाला हे कुठून कळणार? वेळेचं कोष्टक त्याच जुन्या पॅकेजात. शनिवारी मी म्हणाले, "सी बेन्नासर, अख्ख्या देशाचं घड्याळ बदललं, तुमचे हात अजून खिशातच?"

सगळे हसले. ते लाल झाले, संगणकासमोर बसले आणि पॅकेजं नवी केली. यादी उघडली, पडद्यावरची वेळ बरोबर. मीच त्यांना चहाचा दुसरा पेला दिला. सोमवारच्या वेळांचं पान मात्र कोणी उघडून पाहिलं नाही.

सोमवारच्या वेळा महिन्यापूर्वी भरलेल्या, आणि संगणकाने त्या घड्याळ मागे जाणार या हिशेबाने जागतिक वेळेत साठवलेल्या. नव्या कोष्टकाने त्या सगळ्या तासाने पुढे ढकलल्या. सातचे आठ झाले, आणि रविवारी दुपारी रुग्णांच्या फोनवर तसेच संदेश गेले. हात लावला नसता तर सातच राहिले असते.

सोमवारी सातला नऊच्या नऊ खुर्च्या रिकाम्या. आठला सगळे आले, त्यात गावाहून टॅक्सीने आलेली माझी यामना मावशी. पुढच्या पाळीचे रुग्ण साडेअकराला दारात उभे, म्हणून डॉक्टरांनी प्रत्येकाचे चार तासांचे तीन केले. मावशीचे पाय आधीच सुजलेले. एका तासाने काय होतंय गं, म्हणाली आणि गावी परतली. बुधवारी पहाटे तिचा श्वास कोंडला. इस्पितळापर्यंत पोचलीच नाही. तिचं हृदय तसंही थकलं होतं म्हणे. म्हणायला काय जातं.

संचालकांनी बेन्नासरांना विचारलं, पॅकेजना हात लावायला कोणी सांगितलं? मी समोरच उभी होते.

"कोणी नाही," बेन्नासर म्हणाले.

तिसऱ्या दिवशी ते आमच्या रिवाजाप्रमाणे साखरेचा सुळका घेऊन सांत्वनाला आले, उंबऱ्याबाहेरच थांबले. मी रडत म्हणाले, मी डिवचलं नसतं तर तुम्ही हात लावला नसता.

"पोरी, तू बोलायच्या आधीच माझं ठरलं होतं."

दहा वर्षं मी या माणसाला ओळखते. त्या एका फजितीनंतर आपण होऊन त्यांनी कधी एक पॅकेज बदललं नव्हतं. ते खोटं बोलत होते, आणि मी मान हलवून ते खोटं घेतलं.